पऱ्हाटी एकसारखी वाढवायची तर: गळफांदी कधी काढायची, शेंडा कधी खुडायचा

पोळ्याच्या आगेमागे रस्त्यानं जाताना कोणाची पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, छातीच्या वर गेलेली, गच्च हिरवी दिसली की आपण गाडी थांबवून बघतो, काय वावर आहे म्हणतो. पण त्याच वावरात एकदा आत शिरा, दोन तासांच्या (ओळींच्या) मधात खाली बसा आणि वर नाही, खाली बघा. दुपारच्या बाराला पण तिथं अंधार असतो, जमीन ओली, वास कोंदट, खालची पानं पिवळी पडून गळालेली आणि सगळ्यात पहिले लागलेली दोन-चार बोंडं काळी पडलेली, चिमटीत दाबलं तर मऊ लागतात. झाडावरचं सगळ्यात वजनदार बोंड हेच व्हायचं असतं, आणि तेच सडून जातं. वरचं झाड मात्र अजून वाढतच राहतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला कास्तकार, कोरडवाहू जास्त, विहिरीवर थोडं ओलीत. पऱ्हाटीची छाटणी म्हणजे फक्त दोन कामं: पहिली गळफांदी काढणं, दुसरी शेंडा खुडणं. मराठवाड्यातल्या दादा लाडांच्या नावानं ही पद्धत आपल्याकडं ओळखली जाते, बऱ्याच जणांनी व्हिडिओत पाहिलीही असेल. पण व्हिडिओ पाहून कात्री घेऊन वावरात गेलं की फसायला होतं, कारण कापणं सोपं आहे, काय कापायचं आणि कोणत्या वावरात कापायचं नाही हे अवघड आहे. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

झाड फांद्या का फोडतं

धुऱ्यावरची (बांधावरची) अंबाडी पाहिली असेल सगळ्यांनी. एकटी-दुकटी असली की बुडापासून फांद्या फोडते, पसरते, भाजीला पाला भरपूर देते. तीच अंबाडी वाख (धागा) काढायला, दोरांसाठी पेरायची तर दाट पेरतात, मग ती फांदी न फोडता सरळसोट वर जाते आणि लांब वाख निघतो. बियाणं तेच, जमीन तीच, फक्त जागा आणि उजेड बदलला. पऱ्हाटीचं पण तेच तत्त्व आहे, फरक एवढाच की आपल्याला तिच्या खोडाचा धागा नको, बोंड पाहिजे, म्हणून नुसतं दाट लावून भागत नाही, दाट लावलं तर हातानं पण थोडं आवरावं लागतं.

झाडाच्या शेंड्यात वाढीचा रस असतो, ऑक्झिन म्हणतात त्याला, तो खाली येत राहतो आणि खालच्या डोळ्यांना दाबून धरतो. शेंडा गेला की खालचे डोळे मोकळे होतात. शेंडा खुडल्यावर झाडात काय होतं आणि चुकीच्या वेळी खुडला तर नको ते फुटवे का येतात, दोन्ही यातून समजतं, म्हणून हे डोक्यात ठेवा.

गळफांदी आणि फळफांदी ओळखा, बाकी सगळं नंतर

पेरणीला ३५ दिवस झाले की वावरात जा, एखादं बरं झाड धरा आणि बुडापासून वर बघत या. जमिनीजवळची पहिली तीन-चार पेरं सोडली तर त्याच्यावर, पानाच्या बेचक्यातून एक-दोन-तीन जाड फांद्या निघालेल्या दिसतील. या फांद्या खोडाला चिकटून, उभ्या, वरच्या दिशेनं जातात. सरळ असतात, जणू बाजूला दुसरं खोडच वाढतंय. या फांदीवर सुरवातीला फक्त पानं असतात, पाती (फुलाची कळी) दिसत नाही. हीच गळफांदी.

साधारण पाचव्या ते सातव्या पेराच्या वरून दुसऱ्या जातीची फांदी सुरू होते. ती खोडापासून आडवी निघते, बारीक असते आणि सरळ जात नाही, प्रत्येक पेराला वळण घेत नागमोडी जाते. जिथं वळण तिथं एक पान आणि त्या पानाच्या समोर एक पाती, तिकोनी, तीन हिरव्या पाकळ्यांत झाकलेली. ही फळफांदी. आपला कापूस हिच्यावरच येतो.

आता खरं सांगायचं तर गळफांदीवर कापूस येतच नाही असं कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. गळफांदी थोडी मोठी झाली की तिच्यावर पण फळफांद्या फुटतात आणि बोंडं लागतात, पण उशिरा लागतात, आणि तोपर्यंत ती मुख्य खोडाचं खत-पाणी खात असते आणि दोन झाडांमधली मोकळी जागा भरून टाकते. म्हणजे तिला काढायचं की ठेवायचं हे जागेवर अवलंबून आहे.

हे सगळं एवढं पाल्हाळ का लावलं, तर पहिल्या वर्षी माझ्या वावरात काय झालं ते सांगतो. सकाळी आठ बाया आल्या, मी दोन झाडं कापून दाखवली आणि दुसऱ्या वावरात डवरणीला (कोळपणीला) निघून गेलो. दुपारी आलो तर चार ओळींत जमिनीवर नागमोडी फांद्या पडलेल्या, त्यांच्यावर हिरव्या बारीक पात्या तशाच्या तशा. खालची फांदी कापा असं मी म्हटलं होतं, त्यांनी खालची फांदी कापली, सगळीच. त्यांची चूक नव्हती, मी नीट दाखवलंच नव्हतं. त्या चार ओळींची पहिली वेचणी अगदी हलकी झाली. तेव्हापासून मी कामाच्या आदल्या दिवशी दोन्ही फांद्या तोडून आणतो, सकाळी धुऱ्यावर सगळ्यांच्या हातात एक-एक देतो. ताई, ही सरळ आहे ना, हिच्यावर पाती आहे का, नाही, मग ही जाईल. ही नागमोडी, हिच्यावर पाती आहे, हिला हात लावायचा नाही. मग प्रत्येकीकडून पाच-पाच झाडं माझ्यासमोर करून घेतो. अर्धा तास जातो, पण तो अर्धा तास वाचवू नका.

अंतर आधी ठरवा

४ बाय दीड फुटावर लावलं तर एकरी साधारण ७२६० झाडं बसतात. ३ बाय १ फुटावर लावलं तर १४,५२०, म्हणजे बरोबर दुप्पट. ४७५ ग्रॅमच्या बीटी पाकिटात पाच हजारांच्या आसपास सरकी धरा, म्हणजे ३ बाय १ ला एका ठिकाणी एकच दाणा टोबला तरी तीन पाकिटं लागतात. हा खर्च पेरणीच्या आधीच मान्य करा, नंतर दोन पाकिटांत भागवायला गेलं की अंतर कुठं एक फूट कुठं दोन फूट होतं आणि मग एकसारखी वाढ विसरून जा.

गळफांदी काढायचा फायदा मुख्यतः ३ बाय १ किंवा त्याहून दाट लागवडीत आहे. सघन लागवड म्हणून ९० बाय १५ सेंटीमीटरवर लावतात, तिथं तर झाड आवरल्याशिवाय चालतच नाही. पण तुमची पऱ्हाटी ४ बाय ४ वर आहे, झाडाला चारी बाजूनं जागा आहे, तर गळफांदी काढून तुम्ही जागा रिकामी ठेवाल, दुसरं काही होणार नाही. तिथं ठेवा तिला. वाणाचं पण तसंच, आटोपशीर उभट वाढणाऱ्या वाणाला गळफांद्या मुळातच कमी असतात, एखादी निघते तेवढी काढा. पसरट वाणाला मात्र तीन-चार निघतात आणि तिथंच खरं काम असतं.

एकसारखेपणा पेरणीपासूनच

छाटणीनं उंच-बुटकी झाडं सारखी होतील ही आशा ठेवू नका. ज्या झाडाला शेजाऱ्यापेक्षा पंधरा दिवस उशीर झाला ते शेवटपर्यंत सावलीतच राहतं. म्हणून उगवण झाली की आठ-दहा दिवसांच्या आत नांगे (न उगवलेल्या जागा) भरा. त्याच्यापेक्षा चांगलं म्हणजे पेरणीच्या दिवशीच बारीक पॉलिथिनच्या पिशव्यांत माती आणि शेणखत भरून दीड-दोनशे रोपं गोठ्याजवळ तयार करून ठेवा, आणि पाऊस बरा असेल त्या दिवशी तीच रोपं नांग्यात लावा, म्हणजे त्यांचं वय बाकीच्यांएवढंच राहतं. जिथं दोन दाणे उगवले तिथं १५ ते २० दिवसांत विरळणी करा, कमजोर रोप उपटू नका, नखानं खुडा, नाहीतर शेजारच्याचं मूळ हलतं.

वावरात जिथं पाणी साचतं तो तुकडा वेगळा ओळखून ठेवा. आमच्याकडं नाल्याकडच्या बाजूला भारी काळी जमीन, वरच्या बाजूला बरड (हलकी जमीन), मधात फक्त दोनशे पावलं. एकाच दिवशी पेरलं तरी ऑगस्टात खालची पऱ्हाटी कंबरेला लागते आणि वरची गुडघ्याला. या दोन तुकड्यांना एकच तारीख लावायची नाही, हे माझं ठाम मत आहे. कॅलेंडरवरचे दिवस अंदाजासाठी असतात, निर्णय झाडाकडं पाहून घ्यायचा.

पहिलं काम: ३५ ते ४५ दिवस

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं असेल तर हे काम जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतं. नेमके तेच दिवस झडीचे असतात. त्यामुळं दिवस ४० ला कापायचं ठरलं आणि त्या दिवशी झड लागली तर थांबा, दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही. ओल्या झाडावर कापलेली जखम वाळत नाही आणि बुरशी, करपा तिथूनच शिरतो. सकाळी दव वाळल्यावर, साधारण नऊच्या नंतर सुरू करा आणि संध्याकाळी चारच्या आत संपवा म्हणजे रात्रीच्या आधी जखम सुकते.

हत्यार साधं पाहिजे. बागेतली छोटी सिकेटर सगळ्यात बरी, नसली तर घरातली धारदार कात्री चालते. हातानं ओरबाडून काढू नका. कवळी फांदी हातानं मोडते पण मोडताना खोडाची साल खाली ओढत नेते, दोन-तीन इंच साल निघाली की ते झाड पुढं वाऱ्यात तिथूनच वाकतं किंवा सुकतं. कापताना खोडाला घासून पण कापायचं नाही, बोटाच्या नखाएवढा ठोंब राहू द्यायचा, तो आपोआप वाळून पडतो.

कामाची पद्धत अशी ठेवा. एका बाईनं एक तास (ओळ) धरायचा आणि तो शेवटापर्यंत सोडायचा नाही, तासातून तासात उडी मारली की झाडं सुटतात. झाडाजवळ आलं की डाव्या हातानं शेंडा हलकेच बाजूला करायचा, खाली बघायचं, सरळ उभी फांदी दिसली की बुडाशी कात्री लावायची. मुख्य खोड कोणतं हे आधी ओळखा, हे महत्त्वाचं आहे, कारण कधी-कधी गळफांदी एवढी जाड होते की तीच खोड वाटते. ज्याच्या वरच्या भागावर नागमोडी फांद्या आणि पात्या आहेत ते खोड. ज्या झाडाचा शेंडा अळीनं किंवा डवऱ्याच्या धक्क्यानं मोडला आहे, त्याच्या सगळ्या गळफांद्या काढू नका. वरची एक जोमदार गळफांदी आता त्याचं खोड होणार आहे, तिला राहू द्या, बाकीच्या काढा.

करपलेली, चिकट्या-मावा लागलेली किंवा मर लागल्यासारखी झाडं मधात दिसली तर त्यांना त्या वेळी हात लावू नका, काठीला चिंधी बांधून खूण करा आणि सगळं वावर झाल्यावर शेवटी करा. त्यानंतर कात्री स्पिरिटच्या बोळ्यानं किंवा सॅनिटायझरनं पुसा.

मजुरीचा हिशोब सांगतो. ३ बाय १ ला एकरी साडेचौदा हजार झाडं. एका झाडाला बघणं आणि दोन-तीन फांद्या कापणं मिळून दहा सेकंद धरा, तर चाळीस तास होतात, म्हणजे दिवसाचे सात तास खरं काम धरलं तर एकरी सहा बायांचा रोज. पहिल्या दिवशी याच्यापेक्षा जास्तच लागतो, हात बसला की कमी होतो. नेमकं याच वेळी निंदणाला मजूर मिळत नाहीत, म्हणून शक्य असेल तर निंदण आणि गळफांदी एका पाठोपाठ एक लावा, निंदण आधी, म्हणजे झाडाचं बूड मोकळं दिसतं. सगळं वावर जमणार नसेल तर अर्धं करा, पण वेळेत करा. ६० दिवसांनी अंगठ्याएवढी जाड झालेली गळफांदी कापण्यात अर्थ नाही, झाडानं तिच्यात जे घालायचं ते घालून झालेलं असतं आणि जखम पण मोठी होते.

कापून झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, पाऊस नसेल तेव्हा, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड घेऊन बुडाकडं नेम धरून फवारा. सलग कोरडं ऊन असलं तर मी फवारत नाही, ढग असले तर फवारतो. कापलेल्या फांद्या बकऱ्यांना टाकायचा मोह होतो, पण मागच्या पंधरा दिवसांत कीटकनाशक मारलं असेल तर टाकू नका. मी धुऱ्याच्या बाहेर नेऊन उकिरड्यात घालतो.

आठ-दहा दिवसांनी परत एक चक्कर मारा. काही झाडांना ठोंबाच्या बाजूनं बारीक फुटवा येतो, तो नखानं निघतो, त्याला कात्री लागत नाही.

मधला महिना

गळफांदी निघाल्यावर झाड वर जोर धरतं. आता जर पोत्यानं युरिया टाकला तर झाड उंचीलाच जाणार, पेरं लांब-लांब पडणार आणि तुम्ही केलेलं काम वाया जाणार. खत थोडं-थोडं, विभागून, ओल असताना आणि डवऱ्याच्या आधी द्या. पात्या लागायच्या काळात २ टक्के युरिया म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, आणि बोंडं भरताना २ टक्के डीएपी खत फवारलं तर ते बरं लागतं, डीएपी रात्री भिजवून वरचं निवळ गाळून घ्या, नाहीतर नोझल चोंदतो.

पाणी साचलेल्या तुकड्यात चर काढा. तिथली पऱ्हाटी पिवळी पडून पातेगळ होते आणि लोक टॉनिकच्या बाटल्या आणतात, आधी कुदळ घेऊन पाणी काढून द्या.

या महिन्यात आठवड्यातून एकदा पट्टी घेऊन दहा झाडांची उंची मोजा, वावराच्या चार कोपऱ्यांतली आणि मधातली. मी वहीत लिहितो. शेंडा कुठल्या तुकड्यात कधी खुडायचा हे त्या वहीवरूनच ठरतं.

दुसरं काम: शेंडा, ७५ ते ८५ दिवस

याचा हिशोब एकदा मांडून बघा म्हणजे मनातली भीती जाते. पाती दिसल्यापासून फूल उमलायला वीस-पंचवीस दिवस आणि फुलापासून बोंड फुटायला पन्नासच्या आसपास. ५ सप्टेंबरला दिसलेली पाती महिनाअखेरीस फुलणार आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुटणार. त्याच झाडाच्या शेंड्यावर १० ऑक्टोबरला आलेली पाती नोव्हेंबर लागता फुलणार आणि डिसेंबरच्या शेवटी फुटणार. आता सांगा, कोरडवाहू बरड जमिनीत डिसेंबरपर्यंत ओल राहते का? नाही राहत. म्हातारे लोक म्हणतात ना, पोळा, पाऊस झाला भोळा. त्या वरच्या बोंडाला पाणी मिळत नाही, ते बारीक राहतं, त्याची कवडी (डागी, खराब कापूस) होते, आणि थंडीत गुलाबी बोंडअळीला नेमकं तेच सापडतं. म्हणजे शेंडा खुडून आपण जो कापूस सोडतो तो तसाही पूर्ण मिळणार नव्हता, त्याचं अन्न खालच्या बोंडांना देतो.

खुडायचं कधी, तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. झाड साधारण साडेतीन फूट झालेलं, त्याच्यावर पंधराच्या आसपास फळफांद्या मोजता येतात, आणि जमिनीत ओल आहे. दिवस ७५ ते ८५ हा त्याचा अंदाज. भारी जमिनीतलं झाड ७० दिवसांतच साडेतीन फूट गेलं तर खुडा, बरडावरचं ९० दिवसांनी पण अडीच फूटच असेल तर त्याचा शेंडा खुडायची काहीच गरज नाही, ते बिचारं आधीच थांबलेलं आहे.

खुडताना फक्त वरचा कवळा कोंब घ्यायचा, एक ते दीड इंच, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत. तो खुडकन आवाज करून तुटला पाहिजे. ताणला जातोय, तंतू निघतोय, म्हणजे तुम्ही जास्त खाली धरलंय. चार-सहा इंच तोडणारे लोक पाहिलेत मी, ते दोन-तीन फळफांद्याच तोडून टाकतात. सगळ्यात वरची जी फळफांदी नीट उघडली आहे तिच्या वरचा कोंब, बस्स.

खुडलेले शेंडे वावरात टाकू नका. हिरव्या बोंडअळीची मादी अंडी घालते ती बहुतेक शेंड्याकडच्या कवळ्या भागावर, त्यामुळं शेंड्यांबरोबर बरीचशी अंडी आणि बारीक अळ्या वावराबाहेर जातात. कमरेला ओटी बांधा, त्यात टाकत चला, धुऱ्यावर पोत्यात रिकामं करा आणि मग खड्ड्यात पुरा. गुलाबी अळीला मात्र याचा फार उपयोग नाही, ती पात्या-बोंडांत असते, तिच्यासाठी एकरी दोन फेरोमन (कामगंध) सापळे आणि डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) वेचणं हे वेगळं करावंच लागतं.

हे काम पहिल्यापेक्षा हलकं आहे, झाडाला तीन सेकंद धरले तर एकरी दोन बायांचा रोज. उभ्यानं होतं, पाठ दुखत नाही. पण पऱ्हाटी दाटलेली असते, साप-विंचवाचे दिवस असतात, म्हणून बूट घालूनच जा आणि बायांनाही बूट द्या. आणि कीटकनाशक फवारून तीन-चार दिवस झाल्याशिवाय कोणालाही वावरात उतरवू नका.

शेंडा खुडल्यावर आठवडा-दहा दिवसांत वरच्या दोन-तीन बेचक्यांतून उभे फुटवे येतात. शेंड्याचा दाब गेला की खालचे डोळे मोकळे होतात म्हटलं होतं ना, हेच ते. ज्यानं युरिया जास्त दिला त्याच्या वावरात जास्त येतात. एक चक्कर मारून ते काढा, एकदाच पुरतं.

मजूर नसतील तर मेपिक्वॅट क्लोराईड हे वाढरोधक फवारून पण उंची आवरता येते. त्यानं पेरं आखूड होतात, पान गडद हिरवं दिसतं. लेबलवरचं प्रमाण सोडून एक मिलिसुद्धा जास्त घालू नका, आणि पावसाची ओढ असेल, झाड दुपारी मान टाकत असेल, तर अजिबात मारू नका. ओलिताच्या भारी जमिनीत ते चांगलं चालतं, माझ्या बरडावर मी ते कधी नेत नाही.

उंची आवरायचं अजून एक कारण

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्याची कारणं बरीच होती, पण ज्यानं डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पंप घेऊन तास काढलाय त्याला एक गोष्ट माहीत आहे, तिथं नोझल वर धरावा लागतो, औषध वाऱ्यानं तोंडावर येतं, पानं घासून सदरा भिजतो आणि आत हवा खेळत नाही. साडेतीन फुटाच्या वावरात नोझल कमरेच्या खाली राहतो. फवारणाऱ्या माणसाचा जीव त्या दीड फुटावर अवलंबून असू शकतो. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या विरुद्ध चालायचं नाही, हे तरीही पाळायचंच.

तुरीच्या तासाचं काय

पऱ्हाटीत तुरीचे तास असतात आपल्या, तिचा शेंडा खुडायची वेळ वेगळी आहे. तूर ४५ ते ५० दिवसांची झाली की वरचा दोन इंच शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या जास्त फुटतात. पऱ्हाटीत आपण फांदी कमी करतो आणि तुरीत वाढवतो, कारण तुरीच्या शेंगा फांद्यांच्या टोकाला झुपक्यानं लागतात. पंपाच्या बॅटरीवर चालणारं शेंडे खुडायचं यंत्र तुरीला चांगलं आहे, पऱ्हाटीला वापरू नका, ते सरसकट कापतं आणि वरच्या फळफांद्या घेऊन जातं. तूर फुलावर यायला लागली की हात लावायचा नाही.

कुठं कापायचं नाही

गारपिटीनं, अतिवृष्टीनं किंवा रानडुकरांनी तुडवल्यानं झाडं मोडली असतील तर त्या वर्षी गळफांदीच तुमचं पीक आहे. पावसाचा पंधरा-वीस दिवस खंड पडला, झाड सुकलंय, तर कोणतंच काम करू नका, पाऊस पडून नवी पालवी दिसेपर्यंत थांबा. लाल्या आलेल्या (पानं लाल पडलेल्या) पऱ्हाटीचा शेंडा खुडून काही सुधारत नाही, तिला अन्न कमी पडलंय. आणि जुलैच्या शेवटी पेरलेली उशिराची पऱ्हाटी असेल तर गळफांदी काढा पण शेंडा राहू द्या, तिला फळफांद्याच दहा-बारा येतात.

पहिल्यांदाच करत असाल तर सगळ्या वावराला एकदम हात घालू नका. एक एकर घ्या, त्याच्याच मधात सहा ओळी तशाच सोडा, न कापता, न खुडता, आणि दोन्ही टोकांना लाल चिंधी बांधा. ऑक्टोबरच्या मधात दोन्हीकडची दहा-दहा झाडं धरून बोंडं मोजा, हिरवी वेगळी, सडलेली वेगळी. वरवर मोजलं तर न कापलेल्या झाडावर बोंडं जास्तसुद्धा दिसतील, पण बोट लावून, दाबून मोजा, खालच्या चार फांद्यांवर धड किती आहेत ते बघा. मग दिवाळीच्या आसपास पहिली वेचणी येईल तेव्हा त्या सहा ओळींचा कापूस बायांना वेगळ्या गाठोड्यात बांधायला सांगा, बाजूच्या कापलेल्या सहा ओळींचा वेगळा, दोन्ही काट्यावर घाला आणि वहीत लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेचणीला पण तसंच करा, चिंधी तोपर्यंत सोडू नका.